शेपूट लपवलेलं प्रेमपत्र

४ मे २०००, गुरुवार. हाँगकाँगमधल्या कचेऱ्यांत कामकाज चालू असताना एकामागून एक इनबॉक्समध्ये तोच ईमेल येऊन पडू लागला. विषयाच्या जागी तीन इंग्रजी शब्द, मध्ये जागा न सोडता, सगळी मोठी अक्षरं: आय लव्ह यू. आत एवढंच, की सोबत जोडलेलं माझं प्रेमपत्र कृपया पाहावं. खाली एक फाईल. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं. कुणाला तो साहेबांकडून आला, कुणाला पलीकडच्या टेबलावरच्या बाईंकडून, कुणाला वर्षापूर्वी एकदाच गाठ पडलेल्या पुरवठादाराकडून. तोच मजकूर चार-पाच जणांकडून आला की कुठेतरी काहीतरी बिनसलंय हे लक्षात यायचं, पण बहुतेकांनी पहिलाच मेल उघडलेला असायचा.

पुढचा प्रवास सूर्याच्या मागोमाग झाला. युरोपात सकाळ झाली, लोक कामावर आले, त्यांनी मेल उघडले. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाला आपली ईमेल यंत्रणा बंद करावी लागली. अमेरिका जागी झाली तेव्हा पेंटागॉन, सीआयए, फोर्ड मोटर कंपनी अशा ठिकाणीही तेच घडलं. उघडलेली प्रत्येक फाईल त्या माणसाच्या ॲड्रेस बुकमधल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर स्वतःला पाठवत होती. मोठ्या कंपनीतल्या एकानं ती उघडली, की काही मिनिटांत हजारो मेल सुटायचे आणि त्या ओझ्याखाली सर्व्हर बसायचे. नुकसानीचे आकडे पुढे अब्जावधी डॉलरमध्ये सांगितले गेले. त्यांत अंदाजाचा भाग मोठा होता, पण कोट्यवधी कॉम्प्युटरना झळ लागली याबद्दल दुमत नव्हतं.

त्या आठवड्यात सगळीकडे एकच सूर लागला: लोक भोळे, प्रेमाचे भुकेले, म्हणून फसले. पुढची पंचवीस वर्षं कार्यालयांतल्या सूचनाफलकांवर तोच सूर राहिला. अनोळखी अटॅचमेंट उघडू नका, उघडलीत तर जबाबदारी तुमची. मला हा सूर अन्यायाचा वाटतो. एक तर ते पत्र अनोळखी माणसाकडून आलेलंच नव्हतं. शिवाय या प्रसंगाच्या अलीकडचा-पलीकडचा इतिहास सलग वाचला, तर दोषाचा मोठा वाटा फाईल उघडणाऱ्याकडे जात नाही. ती फाईल त्याच्यापुढे ज्या रूपात मांडली गेली, ते रूप ठरवणाऱ्यांकडे तो जातो. आणि धोका जाणकारांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

*

ईमेल सुरुवातीला निव्वळ अक्षरांचा होता, तोही इंग्रजी अक्षरांचा. मुळाक्षरं, आकडे, विरामचिन्हं, बस्स. चित्र, आवाज, प्रोग्रॅम यांपैकी काही पाठवायचं तर ते आधी अक्षरांच्या रांगांमध्ये रूपांतरित करावं लागे आणि पलीकडच्याला ते परत मूळ रूपात आणावं लागे. १९८० मध्ये बर्कली विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी यासाठी एक साधन लिहिलं होतं. जाणकार ते वापरत. सामान्य माणसाचं ते काम नव्हतं.

बेलकोर या अमेरिकी टेलिफोन-संशोधन संस्थेत काम करणारे नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी नेड फ्रीड यांनी ही अडचण कायमची सोडवली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी आपल्या नव्या पद्धतीनं एक मेल पाठवला. त्याला एक छायाचित्र आणि एक ध्वनिमुद्रण जोडलेलं होतं. छायाचित्रात होती त्यांचीच चौघांची हौशी गायकमंडळी, आणि ध्वनिमुद्रणात तेच चौघे एका जुन्या प्रेमगीताच्या चालीवर ईमेलचं गाणं गात होते. मेलमधून चित्रं कशाला पाठवायची, असं लोक त्यांना विचारत. बोरेनस्टाइन सांगत, की एक दिवस मला नातवंडं होतील आणि त्यांचे फोटो मला मेलवर हवे असतील. फार सुंदर उत्तर आहे हे. अटॅचमेंटचा जन्म घरच्या मायेतून झाला, हे विसरून तिचा इतिहास सांगता येणार नाही.

त्या पद्धतीचं नाव माइम. तिच्यात तीन बाइट घ्यायचे, म्हणजे चोवीस बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे. आणि प्रत्येक तुकड्याला चौसष्ट चिन्हांपैकी एक द्यायचं. इंग्रजीची मोठी-लहान मिळून ५२ अक्षरं, १० अंक, आणि अधिकचं चिन्ह व तिरकी रेघ, असे ते ६४. तीनाचे चार होतात म्हणून आजही मेलला जोडलेली फाईल तिच्या मूळ आकारापेक्षा एक तृतीयांशानं फुगते. याच पद्धतीत मजकूर कोणत्या लिपी-संचातला आहे हे सांगायची सोय होती. आपण मराठीत ईमेल लिहू शकतो, त्याचा पायाही तिथेच घातला गेला.

जून १९९२ मध्ये या पद्धतीचा अधिकृत मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात पोस्टस्क्रिप्ट नावाच्या फाईलींबद्दल एक लांबलचक इशारा आहे. पोस्टस्क्रिप्ट दिसायला छापायचा कागद, पण प्रत्यक्षात ती एक प्रोग्रॅमिंगची भाषा. फाईल पुसणं, फाईलचं नाव बदलणं असल्या आज्ञा तिच्यात असू शकतात. तेव्हा मेलमधून आलेली अशी फाईल सरसकट चालवणं धोक्याचं आहे आणि वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं या आज्ञा आधी निकामी कराव्यात, असं त्यात सांगितलेलं आहे. म्हणजे अटॅचमेंट ज्यांनी घडवली, त्यांनी त्याच कागदावर तिचा धोकाही लिहून ठेवला होता. आणि राखणदारी सॉफ्टवेअरकडे सोपवली होती, वाचणाऱ्या माणसाकडे नाही.

धोका कल्पनेतला नव्हता. १९८७ च्या डिसेंबरमध्येच तो एकदा घडून गेला होता. जर्मनीतल्या क्लाउस्थाल इथल्या तंत्रविद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर चालणारी एक छोटी फाईल लिहिली. ती चालवली की पडद्यावर नाताळचं झाड उमटायचं, आणि ते पाहण्यात माणूस गुंतलेला असताना ती त्याच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायची. फाईल उघडून वाचणाऱ्याला आतच सांगितलेलं होतं, की हे वाचण्यात काही मजा नाही, सरळ चालवून टाका. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांची जाळी ओलांडून ती आयबीएमच्या अंतर्गत जाळ्यात शिरली आणि ते जाळं तुंबलं. ओळखीच्या माणसाचं नाव, सणाच्या शुभेच्छा, पत्त्यांची यादी. पुढच्या सगळ्या कथेची सामग्री त्या झाडात होती.

*

नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस प्रोग्रॅममधले मॅक्रो सर्रास वापरात आले. वर्डच्या दस्तऐवजात किंवा एक्सेलच्या तक्त्यात दडवलेल्या आज्ञा, रोजचं तेच-तेच काम आपोआप करणाऱ्या. हिशेबनिसांना, कारकुनांना त्यांचा मोठा आधार झाला, हे नाकारून चालणार नाही. पण त्यामुळे ‘कागद’ आणि ‘प्रोग्रॅम’ यांच्यातली सीमा पुसली गेली. १९९५ मध्ये कन्सेप्ट नावाचा पहिला मोठा मॅक्रो-व्हायरस पसरला. तो काही नासधूस करत नव्हता. त्याच्या एका भागात फक्त एवढीच नोंद होती, की माझा मुद्दा सिद्ध करायला इतकं पुरे आहे. मुद्दा खरोखरच सिद्ध झाला होता. त्यावर कायमचा उपाय किती वर्षांनी झाला, ते पुढे येईल.

मग २६ मार्च १९९९, शुक्रवार. न्यू जर्सीतल्या डेव्हिड स्मिथ नावाच्या प्रोग्रॅमरनं मेलिसा नावाचा मॅक्रो-व्हायरस सोडला. तुम्ही मागितलेला दस्तऐवज सोबत आहे, इतर कुणाला दाखवू नका, असा मजकूर. उघडला की आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल-प्रोग्रॅममधल्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर रवाना. त्याची एक खोड मला प्रेमपत्रापेक्षाही वाईट वाटते. तो मॅक्रो तुमच्या स्वतःच्या दस्तऐवजांत शिरत असे आणि पुढच्या खेपेला तुमचाच एखादा खासगी कागद घेऊन पन्नास जणांकडे जात असे. म्हणजे पाठवणारा आपण काय पाठवतोय हे न जाणता पाठवत होता. अटॅचमेंटच्या सुरक्षिततेची चर्चा नेहमी घेणाऱ्यापाशीच थांबते. देणाराही तितकाच असहाय असतो, हे मेलिसानं दाखवलं. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनाही काही काळ मेल रोखून धरावे लागले. स्मिथला १ एप्रिलला अटक झाली आणि पुढे वीस महिन्यांचा तुरुंगवास झाला.

धडा स्पष्ट होता. तेरा महिने हाताशी होते. त्या तेरा महिन्यांत आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीला कुलूप लागलं नाही.

*

आता ती प्रेमपत्राची फाईल जवळून पाहू, कारण सगळी गोष्ट तिच्या नावात आहे.

तिचं पूर्ण नाव होतं ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. शेवटचं शेपूट, व्हीबीएस, हे खरं. त्याचा अर्थ, ही व्हीबीस्क्रिप्ट या भाषेत लिहिलेली आज्ञावली आहे, दोनदा टिचकी मारली की चालू होईल. त्याआधीचं टीएक्सटी हा नावातला नुसता देखावा. पण विंडोज ९५ पासून मायक्रोसॉफ्टनं असं ठरवलं होतं, की ओळखीच्या प्रकारच्या फाईलींचं शेवटचं शेपूट दाखवायचंच नाही. पडदा नीटनेटका दिसावा, नवख्या माणसाला तांत्रिक अक्षरं खुपू नयेत, हा हेतू. परिणाम असा झाला, की असंख्य पडद्यांवर नाव उमटलं ते ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी’. साधा मजकूर. कॉम्प्युटरवर यापेक्षा निरुपद्रवी वस्तू नाही. जो सावध माणूस शेपूट पाहून उघडायचं की नाही ते ठरवत असे, त्यालाच यंत्रानं खोटं सांगितलं. जो सावध नव्हता तो फसला, पण सावध असलेलाही फसला. हे मनात ठेवून मग ‘भोळे लोक’ म्हणावं.

दुसरी गोष्ट. अशा आज्ञावली चालवणारी सोय विंडोज ९८ मध्ये सर्वांच्या कॉम्प्युटरवर आपोआप आलेली होती. घरी पत्रं लिहिणाऱ्या, कचेरीत बिलं करणाऱ्या माणसाला तिची कधीच गरज पडत नसे. तरी ती चालू होती. तिसरी गोष्ट, आउटलुक कुठल्याही आज्ञावलीला मालकाला न विचारता ॲड्रेस बुक वाचू देत होता आणि मेल पाठवू देत होता.

फाईल चालू झाली की ती कॉम्प्युटरवरची जेपीजी छायाचित्रं पुसून त्यांच्या जागी स्वतःची प्रत ठेवायची. गाण्यांच्या एमपी३ फाईली मात्र ती पुसत नसे, लपवून ठेवायची आणि शेजारी त्याच नावाची आपली प्रत मांडायची. जर्मनीत एका वृत्तपत्राच्या संग्रहातली छायाचित्रं अशी गेली. शिवाय ती इंटरनेट एक्सप्लोररचं पहिलं पान बदलून फिलिपीन्समधल्या एका सर्व्हरवरून दुसरा प्रोग्रॅम आणायचा प्रयत्न करत होती. तो प्रोग्रॅम पासवर्ड चोरून एका फिलिपिनो पत्त्यावर पाठवणार होता. हा सर्व्हर लवकर बंद केला गेला.

आज्ञावली साध्या मजकुरात होती, त्यामुळे ज्याला ती मिळाली त्याला ती वाचताही येत होती आणि बदलताही. दोन-तीन दिवसांत नव्या आवृत्त्या आल्या. मे महिन्यातला मातृदिन जवळ होता, तर एक मातृदिनाच्या भेटवस्तूची पावती बनून आली. एक तर व्हायरसविरोधी कंपनीचा इशारा असल्याचं भासवत आली. प्रेमपत्र उघडू नका असं सगळीकडे सांगितलं जात होतं, आणि लोक भेटवस्तूची पावती उघडत होते. मजकूर पाहून सावध राहा, हा सल्ला किती तोकडा आहे हे चार दिवसांतच दिसून आलं.

*

त्याच मोकळ्या मजकुरात वरच्या ओळींवर लिहिणाऱ्यानं खुणा सोडल्या होत्या: स्पायडर हे टोपणनाव, ग्रॅमरसॉफ्ट हे गटाचं नाव, मनिला हे गाव, आणि शाळेत जायचा कंटाळा येतो अशी तक्रार. फिलिपीन्सच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेनं, एनबीआयनं, ८ मे रोजी मनिलाच्या पांडाकान भागातल्या एका घरावर छापा घातला. सुरुवातीला एका बँक कर्मचाऱ्याला ताब्यात घेतलं आणि पुराव्याअभावी सोडलं. मग नाव पुढे आलं ते त्याच घरात राहणाऱ्या ओनेल दे गुझमान या विशी ओलांडलेल्या तरुणाचं. एएमए कॉम्प्युटर कॉलेजचा हा विद्यार्थी. इतरांचे इंटरनेट पासवर्ड मिळवणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रबंध त्यानं कॉलेजकडे दिला होता. ज्यांना इंटरनेट परवडत नाही त्यांना तो वापरता यावा, हा त्यामागचा त्याचा युक्तिवाद. शिक्षकांनी तो नाकारला. हे बेकायदा आहे, आम्ही घरफोडे तयार करत नाही, असे शेरे त्यावर होते.

त्या युक्तिवादाकडे हसून पाहता येत नाही. २००० सालच्या मनिलात डायल-अपचे तास विकत घ्यावे लागत आणि गरीब विद्यार्थ्याला ते परवडत नसत. आपल्याकडेही तेव्हा सायबर कॅफेत घड्याळाकडे डोळा ठेवून मेल वाचले जात. म्हणून दुसऱ्याचा पासवर्ड चोरणं योग्य ठरत नाही, पण जगातली एवढी मोठी उलथापालथ इतक्या लहान गरजेतून निघाली, हे समजून घ्यायला हवं.

११ मे रोजी दे गुझमान पत्रकारांपुढे आला. काळा चष्मा, शेजारी बहीण, सोबत वकील. तो फार बोलला नाही. हातून चुकून प्रोग्रॅम सुटला असेल का, या प्रश्नाला शक्य आहे, एवढंच उत्तर मिळालं.

आणि मग तपास भिंतीवर येऊन आदळला. फिलिपीन्समध्ये कॉम्प्युटर व्हायरस पसरवणं हा गुन्हाच नव्हता. तसा कायदाच नव्हता. क्रेडिट कार्ड आणि तत्सम साधनांच्या गैरवापराविरुद्धचा १९९८ चा एक कायदा ओढूनताणून लावायचा प्रयत्न झाला. तो टिकला नाही, आणि ऑगस्ट २००० मध्ये सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले. दरम्यान १४ जून रोजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा यांनी ई-कॉमर्स कायद्यावर सही केली. त्यात व्हायरस सोडणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान एक लाख पेसो दंड ठेवला गेला. पण झाल्या कृत्यावर नंतरचा कायदा लावता येत नाही. दे गुझमान मोकळा राहिला, आणि मला ते बरोबरच वाटतं. रागाच्या भरात मागच्या तारखेनं गुन्हे ठरवू लागलो तर व्हायरसपेक्षा मोठं काहीतरी बिघडतं.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच उन्हाळ्यातला आहे. विधेयक डिसेंबर १९९९ मध्ये मांडलेलं होतं. २००० च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ते मंजूर झालं, ९ जूनला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांची सही झाली आणि १७ ऑक्टोबरला तो लागू झाला. मूळ रोख इलेक्ट्रॉनिक व्यवहार आणि डिजिटल सही यांवर होता, तरी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घालण्याचा उल्लेख त्याच्या ४३ व्या कलमात आहे. ते प्रेमपत्र मे महिन्यात मुंबई-पुण्यातल्या एखाद्या पोरानं लिहिलं असतं, तर आपल्या पोलिसांचीही मनिलासारखीच पंचाईत झाली असती.

दे गुझमान नंतर दिसेनासा झाला. २०१९ मध्ये ब्रिटिश पत्रकार जेफ व्हाइट यांनी त्याला मनिलात मोबाईल दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात शोधून काढलं. तेव्हा त्यानं कबूल केलं, की प्रोग्रॅम आपलाच. आधी तो मनिलातल्याच लोकांचे पासवर्ड चोरण्यापुरता होता. मग त्यानं तो आपोआप पसरेल असा केला आणि त्याला प्रेमपत्राचं नाव दिलं, कारण प्रेम सगळ्यांनाच हवं असतं. पहिली प्रत सिंगापूरमधल्या कुणाला तरी पाठवून तो मित्राबरोबर दारू प्यायला गेला. जगात काय झालंय ते त्याला आईकडून कळलं. पोलीस मनिलातल्या हॅकरच्या मागावर असल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिनं त्याचा कॉम्प्युटर लपवला.

*

जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं आउटलुकसाठी सुधारणा आणली. आपोआप चालू होऊ शकणाऱ्या फाईली आता अटॅचमेंट म्हणून उघडतच नव्हत्या, आणि एखादा प्रोग्रॅम ॲड्रेस बुकला हात लावू लागला की मालकाला विचारलं जाऊ लागलं. म्हणजे हे करता येत होतं, आणि एका महिन्यात करता येत होतं. उघडणाऱ्याला दोष देणाऱ्यांनी या एका महिन्याचा विचार करावा.

पण सुधारणा ज्यांनी बसवली त्यांनाच तिचा लाभ. फेब्रुवारी २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या वीस वर्षांच्या एका तरुणानं टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाच्या नावाची फाईल सोडली. नावात जेपीजी, शेपूट व्हीबीएस. तीच युक्ती जशीच्या तशी, तीही इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार साच्यातून बनवलेली, आणि तरीही ती जगभर पसरली. पुढे मेल-सेवांनी घातक फाईली अडवायला सुरुवात केली, तर हल्लेखोर त्या झिपमध्ये घालू लागले. झिप तपासली जाऊ लागली, तर २००४ मध्ये बेगल व्हायरसनं पासवर्ड लावलेली झिप पाठवली आणि पासवर्ड मेलमध्येच लिहून दिला.

मार्च २०११ मध्ये तर सुरक्षेच्या व्यवसायातल्याच आरएसए या अमेरिकी कंपनीवर घाला आला. थोड्याच कर्मचाऱ्यांना मेल गेले होते. सोबत ‘२०११ ची नोकरभरती योजना’ या नावाचा एक्सेल तक्ता, आणि पाहून घ्यावं अशी एक ओळ. मेल जंक फोल्डरमध्ये पडला होता; एका कर्मचाऱ्यानं तो तिथून काढून उघडला. तक्त्यात चलच्चित्रं दाखवणाऱ्या फ्लॅश प्रोग्रॅमची एक फाईल होती आणि फ्लॅशमधल्या, तोवर कुणाला माहीत नसलेल्या भगदाडातून हल्लेखोर आत आले. नोकरभरतीच्या तक्त्यात चलच्चित्र चालवायची सोय कुणाला हवी होती? तो कर्मचारी मात्र सुरक्षेच्या प्रशिक्षणवर्गांत आजही उदाहरण म्हणून वापरला जातो.

बांगलादेश बँक या त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेतल्या चोरीच्या प्रकरणात नोकरीसाठी अर्ज करणारा एक उमेदवार होता. २०१५ च्या सुरुवातीला त्याचे मेल बँकेत आले, आणि बायोडेटा जोडण्याऐवजी तो जिथून उतरवायचा ती लिंक दिलेली होती. तोवर अटॅचमेंट नको, लिंक पाठवा, असा कार्यालयांचा रिवाज झालेला होता. हल्लेखोरांनी तो पाळला. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी ९५ कोटी १० लाख डॉलर वळवायचा प्रयत्न केला. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाच्या माकाती भागातल्या एका बँक शाखेत पोचले आणि तिथून जुगारघरांत जिरले. फिलिपीन्सचा काळ्या पैशाविरुद्धचा कायदा तेव्हा जुगारघरांना लागू नव्हता.

आणि मॅक्रो? १९९५ मध्ये कन्सेप्टनं जो मुद्दा सिद्ध केला होता, त्यावर मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो मुळातूनच बंद ठेवायचा निर्णय जाहीर केला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. तो जुलैमध्ये अमलात आला, तोही मध्ये एकदा थांबवून. सत्तावीस वर्षं. या काळात पिवळ्या पट्टीवरचं ‘सक्षम करा’ हे बटण दाबावं की नाही, हा निर्णय तलाठी कार्यालयातल्या कारकुनापासून बँकेच्या अध्यक्षापर्यंत प्रत्येकावर सोपवलेला होता. निर्णय अमलात आल्यावर हल्लेखोरांनी मॅक्रो सोडून दुसऱ्या प्रकारच्या फाईली धरल्या, हे खरं. पण एक मोठं दार बंद झालं, आणि ते शहाणपणाच्या पत्रकांनी बंद झालेलं नव्हतं. ज्या भाषेत प्रेमपत्र लिहिलं गेलं, तिची विंडोजमधून गच्छंती करायची घोषणा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली.

आता ही फाईल मेलमधून उतरून मोबाईलवर आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. लग्नाला जरूर यावं, तारीख ३० ऑगस्ट, आणि प्रेमच सुखाचं दार उघडतं अशा अर्थाचं एक वाक्य. सोबत पीडीएफसारखी दिसणारी पत्रिका. शेपूट होतं एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये बसणारं ॲप. ते उघडल्यावर त्यांच्या खात्यातून एक लाख नव्वद हजार रुपये गेले. आपल्याकडे लग्नाचं आवतण कुणाकडूनही येतं. साडूच्या मेहुण्याकडून येतं, बदली होऊन गेलेल्या साहेबांकडून येतं, नंबर जतन केलेला नसतो, आणि आलेली पत्रिका उघडून न पाहणं हा उद्धटपणा समजला जातो. ज्या समाजात पत्रिका अशी हातोहात फिरते, तिथे अनोळखी फाईल उघडू नका हे वाक्य कुणाच्या उपयोगाचं आहे?

हिंगोलीत गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात गूगलनं जाहीर केलं, की ज्याची ओळख पटलेली नाही अशा निर्मात्याचं ॲप अधिकृत अँड्रॉइड फोनवर बसू द्यायचं नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांत. बाकीच्या जगाचा, म्हणजे आपलाही, क्रमांक २०२७ पासून पुढे. तोवर मराठवाड्यात लग्नाच्या किती तिथी आहेत ते पंचांगात पाहावं.